हजार पायांचं नाव

ज्या प्राण्याला जगातल्या अनेक भाषा 'हजार पायांचा' म्हणतात, त्याला आमच्याकडं 'पैसा' म्हणत. पावसाळ्यात पडवीच्या कडेनं तो चालू लागला, की काडीनं हळूच टोचायचं. तो लगेच स्वतःभोवती वेटोळं घालून गोल पडून राहायचा, तांब्याच्या जुन्या नाण्यासारखा. शेतकऱ्यांच्या तोंडी त्याचं दुसरं नाव आहे 'वाणी', आणि सोयाबीन-कपाशीची कोवळी रोपं खाणारी कीड म्हणून कृषिसल्ल्यातही तो याच नावानं येतो. या दोन्ही नावांत पायांचा उल्लेखच नाही, याची गंमत मला फार उशिरा कळली. पायांवरून नाव ठेवायचा मोह आपल्या लोकांना झाला नाही. युरोपाला झाला, आणि त्या मोहाचा इतिहास जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे.

'मिलिपीड' हा शब्द लॅटिन 'मिले' म्हणजे हजार आणि 'पेस' म्हणजे पाय यांवरून आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीनं आपल्या 'नॅचरालिस हिस्टोरिया' या अवाढव्य ग्रंथात एका केसाळ, खूप पायांच्या, स्पर्श होताच आक्रसणाऱ्या किड्याची नोंद केली आहे. त्याला कोणी हजारपायी म्हणतात, कोणी शंभरपायी, तर कोणी नुसतंच बहुपायी, असं तो सांगतो. एकाच प्राण्याला तीन आकडे, आणि प्लिनीला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्याला तरी कुठं वाटतं? पुरुषसूक्तातला पुरुष सहस्रपाद आहे, पण म्हणून कोणी त्याचे पाय मोजायला बसत नाही. 'तुला हजारदा सांगितलं' म्हणणारी आई नऊशे नव्व्याण्णव वेळा सांगून थांबलेली नसते. हजार म्हणजे मोजणं सोडून दिलं तिथला आकडा.

अडचण सुरू झाली ती कोणीतरी खरोखरच मोजायला बसल्यावर. मला जी गोष्ट सांगायची आहे ती अशाच मोजण्याची आहे. 'इलाक्मे' या मिलिपीडांच्या एका प्रजातीला नाव कसं मिळालं, ती कशी हरवली, कशी सापडली, आणि नावातली बढाई खोटी ठरल्यावरही ते नाव कसं टिकलं, याची.

आधी शब्दांचा एक खुलासा करते. आपली वर्तमानपत्रं 'स्पीशीज'ला सर्रास 'प्रजाती' म्हणतात. मी इथं 'स्पीशीज'साठी 'जाती' आणि 'जीनस'साठी 'प्रजाती' हे शब्द वापरते आहे. म्हणजे अनेक जाती मिळून एक प्रजाती, अनेक प्रजाती मिळून एक कुल, आणि कुलांच्या वर गण. नावांच्या इतिहासाबद्दल लिहिताना नाव या शब्दाच्या आसपासचीच परिभाषा आधी झाडून घ्यावी लागते, हे बरंच काही सांगून जातं.

२.

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची जन्मतारीख ठरलेली आहे. कार्ल लिनियसच्या 'सिस्टिमा नॅचुरी'ची दहावी आवृत्ती १७५८ सालची, आणि त्यापूर्वी कोणी काय म्हटलं होतं ते नावांच्या हिशेबात धरायचं नाही असा नियम आहे. (कोळ्यांचा तेवढा एक अपवाद.) या आवृत्तीत लिनियसनं कीटकांच्या वर्गात 'बिनपंखी' असा एक गण केला आणि त्यात उवा, पिसवा, कोळी, विंचू, खेकडे असं सगळं भरलं. या गणाच्या अगदी शेवटी दोन प्रजाती आहेत. 'स्कोलोपेंड्रा' म्हणजे आपल्या गोमी किंवा घोणी, आणि 'यूलस' म्हणजे वाणी. पुढं जे हजारो मिलिपीड शास्त्राला माहीत झाले, त्या सगळ्यांसाठी १७५८ साली ही एकच प्रजाती पुरेशी होती.

एका प्रजातीत जाती वेगळ्या कशा ओळखायच्या? लिनियसनं सर्वांत सोपं लक्षण निवडलं. त्यानं पाय मोजले. 'यूलस टेरेस्ट्रिस'ची ओळख म्हणजे दोन्ही बाजूंना शंभर-शंभर पाय, 'यूलस सॅब्युलोसस'ची ओळख एकशेवीस-एकशेवीस. शतकानुशतकं ज्या प्राण्याला अंदाजपंचे हजार पाय दिले गेले होते, त्याचे पाय आता पुस्तकात नोंदले जाऊ लागले. हजाराच्या जवळपासही कोणी नव्हता.

फुलांचे पुंकेसर मोजून वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या माणसाला हे स्वाभाविक वाटलं असणार. पण मिलिपीड फुलासारखा वागत नाही. अंड्यातून बाहेर येताना त्याच्या पिल्लाला साधारणपणे पायांच्या तीनच जोड्या असतात. मग प्रत्येक वेळी कात टाकताना शेपटीकडून नवी कडी वाढतात आणि कड्यांबरोबर पाय. काही गटांत प्रौढ झाल्यावर ही वाढ थांबते. चपट्या पाठीच्या मिलिपीडांत प्रौढाला साधारण वीस कडी, असा हिशेब पक्का असतो. पण लांब, गोल अंगाच्या अनेक गटांत तो पक्का नसतो. एकाच जातीत धाकट्याला कमी, थोरल्याला जास्त. नराला कमी, मादीला जास्त. अशा प्राण्याला पायांच्या संख्येवरून ओळखणं म्हणजे गावातल्या माणसांची आडनावं त्यांच्या उंचीवरून ठरवण्यासारखं आहे.

एकोणिसाव्या शतकात ही चूक हळूहळू लक्षात आली आणि लक्ष पायांच्या संख्येवरून पायांच्या रचनेकडं वळलं. गोमीला प्रत्येक कड्यावर पायांची एक जोडी असते, तर मिलिपीडला बहुतेक कड्यांवर दोन. मुळातली दोन कडी जुळून एक झालेली, म्हणून. यावरून या वर्गाला १८४४ साली 'डिप्लोपोडा' म्हणजे दुपट पायांचे, असं नाव मिळालं. आजही शास्त्रात वर्गाचं नाव हेच आहे. मला हे नाव आवडतं. त्यात बढाई नाही, आणि ते चुकतही नाही.

दुसरी गोष्ट अधिक निर्णायक ठरली. बहुसंख्य मिलिपीडांच्या नरांमध्ये सातव्या कड्याच्या आसपासचे काही पाय चालण्यासाठी उरलेलेच नसतात. ते बदलून शुक्राणू मादीकडं पोचवण्याचं अवयव बनतात. प्रत्येक जातीत या पायांचे आकडे, खाचा, पीळ वेगळे, कुलूप-किल्लीसारखे. वरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन जाती या दोन-चार पायांवरून चटकन वेगळ्या करता येतात. मग मिलिपीडांचं वर्गीकरण या पायांवर उभं राहिलं. लिनियसनं सगळे पाय मोजले होते, त्याच्या वारसांनी बाकीचे सोडून या मोजक्या पायांची चित्रं काढायला सुरुवात केली.

याचं एक उदाहरण आपल्या घराजवळचं आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या काळात एच. एम. फिप्सन हे गृहस्थ तिचे सचिव होते. धंद्यानं ते मद्याचे व्यापारी, आणि संस्थेचा पसारा सुरुवातीला त्यांच्याच दुकानाच्या जागेत मांडलेला होता. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले आर. आय. पोकॉक यांनी १८९२ साली पश्चिम भारतातल्या एका मिलिपीडला त्यांचं नाव दिलं, 'स्ट्राँगिलोसोमा फिप्सनी'. पुढं व्हिएन्नाच्या काऊंट कार्ल आटेम्स यांनी १९१४ साली 'स्ट्रेप्टोगोनोपस' ही नवी प्रजाती केली. नावाचा अर्थ, ज्याचा तो बदललेला पाय पिळवटलेला आहे असा. फिप्सनसाहेबांचा मिलिपीड तिकडं गेला. आज त्याचं नाव 'स्ट्रेप्टोगोनोपस फिप्सनी' असं लिहितात आणि पुढं पोकॉक यांचं नाव आणि साल कंसात टाकतात. तो कंस शोभेचा नाही. 'या माणसानं या जातीला नाव दिलं, पण तेव्हा ती दुसऱ्या घरात होती', एवढा अर्थ त्या दोन वाकड्या रेघांत भरलेला असतो. लग्नानंतर नाव बदललं तरी माहेरचं नाव कागदोपत्री राहावं, तसं.

अशी घरं बदलणं इतकं वाढलं, की नुसत्या नावांचा हिशेब ठेवणं हे एक स्वतंत्र काम होऊन बसलं. ॲम्स्टरडॅमच्या सी. ए. डब्ल्यू. येकेल यांनी १७५८ ते १९५७ या दोनशे वर्षांत मिलिपीडांच्या प्रजातींना आणि कुलांना दिली गेलेली सगळी नावं एका जाड ग्रंथात लावून दिली. त्यात एकही नवा प्राणी नाही, फक्त नावं: कोणी दिलं, कधी, कुठं छापलं, कोणत्या जातीच्या आधारावर. हे काम एखाद्या तलाठ्याच्या दप्तरासारखं आहे. वाचायला कोणी घेत नाही, आणि त्याच्याशिवाय एकही वाद मिटत नाही.

३.

आता इलाक्मेकडं येते.

१९२८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या वृत्तांतात ओ. एफ. कुक आणि एच. एफ. लूमिस यांचा एक निबंध आला. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातले मिलिपीड, आणि त्यांत सहा नव्या प्रजाती. यांतली एक कॅलिफोर्नियाच्या सॅन बेनिटो काउंटीतली. नमुने १९२६ साली गोळा केलेले. प्राणी दिसायला अगदी सामान्य: फिकट, आंधळा, सुताच्या धाग्याएवढा जाड आणि जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांब. पण एका नमुन्याचे पाय मोजले तर ते ७५० भरले. तोवर नोंदलेल्या कोणत्याही प्राण्याला एवढे पाय नव्हते.

कुक हे मोठं विलक्षण प्रकरण होतं. त्यांचं पूर्ण नाव ऑरेटर फुलर कुक. अमेरिकेच्या कृषी खात्यात ते कापूस, रबर, ताड-माड अशा पिकांवर काम करत, आणि मिलिपीड हा त्यांचा आयुष्यभराचा दुसरा संसार. मिलिपीडांच्या गणांपैकी काहींची आज चालणारी नावं त्यांनीच दिलेली आहेत. शिवाय जीवशास्त्राला 'स्पीसिएशन' हा शब्दही त्यांनीच १९०६ साली दिला असं मानतात. एका जातीपासून नव्या जाती निर्माण होण्याची प्रक्रिया, ती जातिनिर्मिती. शब्द घडवायचा हात असलेला माणूस.

या माणसानं नव्या प्राण्याला नाव दिलं 'इलाक्मे प्लेनिपेस'. 'आक्मे' म्हणजे ग्रीकमध्ये शिखर, परमोच्च बिंदू. 'प्लेनिपेस' म्हणजे लॅटिनमध्ये पायांनी भरलेला. दोन्ही मिळून अर्थ लावतात तो असा: पायांच्या परिपूर्तीचं शिखर. ७५० पाय मोजल्यावर एखाद्याला असा शब्द सुचला तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत. तरी हे नाव देताना कुक आणि लूमिस यांनी नकळत एक भाकीत केलं होतं. यापुढं याच्या वर कोणी नाही.

आणि मग तो प्राणीच दिसेनासा झाला.

१९२६ नंतर जवळजवळ ऐंशी वर्षं कोणालाही इलाक्मे सापडल्याची नोंद नाही. यादीत नाव होतं, पुस्तकांतून 'सर्वाधिक पायांचा प्राणी' म्हणून उल्लेख होत राहिला, संग्रहालयात जुने नमुने होते. जिवंत प्राणी मात्र कोणी पाहिलेला नव्हता. येकेल यांच्या दप्तरात इलाक्मे होती, कॅलिफोर्नियाच्या मातीत ती आहे की नाही हे सांगता येत नव्हतं.

या काळाचा विचार मी पुष्कळदा करते. जगात मिलिपीडांच्या सुमारे बारा हजारांहून अधिक जातींना नावं मिळालेली आहेत. रिचर्ड हॉफमन या मिलिपीडतज्ज्ञांचा अंदाज होता, की प्रत्यक्षात त्या ऐंशी हजारांच्या घरात असाव्यात. म्हणजे बहुसंख्य जाती बिननावाच्या. त्यांतली एखादी संपली तर कोणाला कळणारही नाही. इलाक्मे 'हरवली' असं म्हणता आलं, कारण तिला नाव होतं. ज्याचं नाव पटावर आहे त्याचाच गैरहजेरीचा शेरा पडतो.

२००५ सालच्या नोव्हेंबरमध्ये पॉल मारेक हा पीएच.डी.चा विद्यार्थी सॅन बेनिटो काउंटीत गेला. हाताशी काय होतं? 'शिखर' हे नाव त्याच्या काही उपयोगाचं नव्हतं. पायांचा आकडाही नव्हता. उपयोगाची होती ती १९२८ च्या निबंधातली ठिकाणाची त्रोटक नोंद. सलिनास खोऱ्याकडून सॅन हुआन बाउतिस्ताकडं जाताना मधली उंचवट्याची धार ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर, असा काहीसा तिचा आशय. 'वेशीबाहेरच्या वडापासून थोडं पुढं' या आपल्याकडच्या पत्त्यांसारखी. आजही १९२६ चे नमुने नेमके कुठून उचलले होते ते निश्चित सांगता येत नाही. पण शोधायला सुरुवात कुठून करायची एवढं त्या नोंदीनं सांगितलं. ओल्या, झाडीच्या उतारावर, वाळूखडकाच्या मोठ्या धोंड्यांना चिकटून बसलेली इलाक्मे सापडली. ७९ वर्षांनी.

त्या शोधात मिळालेल्या बारा प्राण्यांत चार नर, तीन माद्या आणि पाच पिल्लं होती. नरांना ३१८ ते ४०२ पाय, मादीला ६६६ पर्यंत. एकाच जातीत, एकाच टेकाडावर एवढा फरक! लिनियसची पद्धत लावली असती तर या बारा प्राण्यांच्या चार-पाच जाती झाल्या असत्या. मारेक आणि जेसन बाँड यांनी २००६ साली 'नेचर'मध्ये ही बातमी दिली. २०१२ साली मारेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलाक्मेचं संपूर्ण नवं वर्णन छापलं. तेव्हा ज्ञात ठिकाणं तीन, ती सगळी साडेचार चौरस किलोमीटरांत, आणि हाती आलेले नमुने अवघे सतरा. पायांच्या शिखराचं सगळं राज्य आपल्याकडच्या एखाद्या लहान गावाच्या शिवाराएवढं.

४.

एकच जाती असलेली प्रजाती ही वर्गीकरणात जरा अवघडलेली गोष्ट असते. प्रजातीची लक्षणं कोणती आणि जातीची कोणती, हे ठरवायला तुलनेला दुसरं कोणी नसतं. इलाक्मे अशी अठ्ठ्याऐंशी वर्षं एकटी होती.

२०१६ साली तिला बहीण मिळाली. कॅलिफोर्नियातल्याच सिक्वोया राष्ट्रीय उद्यानातल्या एका गुहेत २००६ साली एकच नर सापडला होता. तो ओळखून, तपासून, नाव मिळेपर्यंत दहा वर्षं गेली. 'इलाक्मे टोबिनी': दोन सेंटिमीटर लांब, ४१४ पाय, पहिल्या जातीच्या ठिकाणापासून सुमारे २४० किलोमीटर दूर. वर्तमानपत्रांनी या बातमीतून नेमकं काय उचललं असेल? नराचे चार पाय प्रजननासाठी बदललेले असतात, ते. वास्तविक नवव्या आणि दहाव्या जोडीचे हे चार पाय या सगळ्याच गटात बदललेले असतात, आणि त्यांच्याच बारकाव्यांवरून ही वेगळी जाती ठरली होती. २०२३ साली तिसरी जाती आली. लॉस एंजेलिसजवळच्या ऑरेंज काउंटीतली, ४८६ पायांची 'इलाक्मे सोकाल'. 'सोकाल' हे सदर्न कॅलिफोर्नियाचं स्थानिक बोलीतलं लघुरूप. कुक यांच्या ग्रीक-लॅटिन शिखराला आता शेजारच्या गल्लीतली बोली जोडली गेली. मला या जोडीत काही विसंगत वाटत नाही. महानगराच्या इतक्या जवळ, वर्दळीच्या उद्यानाच्या मातीत हा प्राणी होता, हे त्या बोलीतल्या नावानं बरोबर सांगितलं.

पण या दोन नावांच्या मधल्या काळात शिखर ढासळलं होतं.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ईस्टर्न गोल्डफील्ड्स भागात खनिजांच्या शोधासाठी जमिनीत अरुंद, खोल विंधणं घेतलेली असतात. तिथल्या पर्यावरणविषयक नियमांनुसार, जमिनीखाली प्राणी असण्याची शक्यता असेल तिथं खाणीला परवानगी देण्याआधी त्यांची पाहणी करावी लागते. त्यासाठी ओला पालापाचोळा भरलेले सापळे दोरीनं विंधणात सोडतात, काही आठवड्यांनी वर ओढतात आणि पाल्यात कोण आलं ते बघतात. १५ ते ६० मीटर खोलीवरून वर आलेल्या अशा पाल्यात एक लांबच लांब, दोऱ्यासारखा मिलिपीड होता. साठ मीटर म्हणजे अठरा-वीस मजली इमारत जमिनीत उलटी पुरावी तेवढं खोल. पाहणी करणारे ब्रूनो बुझॅटो यांनी मारेक यांना कळवलं. इलाक्मे पुन्हा शोधणारा तो विद्यार्थी आता प्राध्यापक झाला होता.

२०२१ च्या डिसेंबरात त्याचं नाव जाहीर झालं, 'युमिलिपेस पर्सेफोनी'. पर्सेफोनी ही ग्रीक पुराणातली, पाताळाच्या राजानं पळवून नेलेली देवी. प्रजातीचं नाव नवीन, आणि त्याचा अर्थ 'खराखुरा हजार पायांचा'. 'यु' ग्रीक, 'मिलिपेस' लॅटिन. व्याकरणाच्या कर्मठांना असा संकर खपत नाही, पण नियमांत त्याला मनाई नाही.

या खऱ्याखुऱ्या हजारपायीचा हिशेब मी कागदावर करून पाहिला, तुम्हीही करू शकता. सगळ्यांत मोठ्या मादीला ३३० कडी होती. प्रत्येकी चार पाय धरले तर १,३२०. पण मिलिपीडच्या पहिल्या कड्याला पाय नसतात, ते चार वजा. पुढच्या तीन कड्यांना एकेकच जोडी, ते सहा वजा. शेवटच्या कड्यालाही पाय नसतात, आणखी चार वजा. उरले १,३०६. दुसऱ्या एका मादीला २५३ कडी होती. तोच हिशेब लावला, की उत्तर येतं ९९८. दोन पाय कमी पडले! केवळ तीच सापडली असती तर नावाचं काय केलं असतं, हा प्रश्न मला राहून राहून पडतो. नर तर आणखी मागं, ८१८ आणि ७७८. म्हणजे 'खराखुरा हजार पायांचा' या प्रजातीतही हजाराची वेस ओलांडलेला प्राणी एखादाच. प्लिनीनं ऐकलेला शब्द खरा ठरायला साडेएकोणीस शतकं लागली, आणि तोही एका मादीपुरता.

वर्गीकरणाच्या दृष्टीनं याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. युमिलिपेस दिसतो थेट इलाक्मेसारखा: फिकट, आंधळा, दोऱ्यासारखा, पायच पाय. तो इलाक्मेचा सख्खा भाऊ असणार असं कोणालाही वाटेल. पण डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासल्यावर दिसलं, की दोघांचे गणच वेगळे आहेत. इलाक्मे 'सायफोनोफोरिडा' गणातली, युमिलिपेस 'पॉलीझोनिडा' गणातला. दोघांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि दोन खंडांत, जमिनीखालच्या अरुंद भेगांतून वाट काढताना दोघांनी आपापल्या परीनं तोच उपाय शोधला: अंग लांबवा, बारीक करा, रेटायला पाय वाढवा. लिनियसची चूक पुन्हा करायची संधी समोर होती. जास्त पाय म्हणजे जवळचं नातं, असं म्हणून दोघांना एका प्रजातीत टाकता आलं असतं. अडीचशे वर्षांत शास्त्र जे शिकलं ते इथं कामी आलं. पायांच्या संख्येवरून प्राणी काय करतो ते कळतं, तो कोणाचा कोण ते कळत नाही.

मग इलाक्मेच्या नावाचं काय? 'पायांचं शिखर' आता शिखर राहिलं नाही. कुक आणि लूमिस यांचं भाकीत त्र्याण्णव वर्षांनी चुकलं. नाव बदलायचं का? प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत याचं उत्तर स्पष्ट आहे: नाव अर्थाच्या दृष्टीनं अयोग्य ठरलं, एवढ्या कारणानं ते रद्द होत नाही. मला हे कलम फार शहाणपणाचं वाटतं. अर्थ चुकला म्हणून नावं बदलत बसलो असतो तर येकेल यांच्या दप्तराचे दहा खंड झाले असते आणि जुन्या नोंदीवरून जुना प्राणी शोधणं अशक्य झालं असतं. आपल्याकडं गरीब घरात लक्ष्मी असते आणि भित्र्या माणसाचं नाव भीमराव असतं. म्हणून कोणी त्यांना हाक मारायचं थांबवत नाही.

५.

या सगळ्या गोष्टीत मला सलणारा एक भाग आहे, आणि तो युमिलिपेसच्या पत्त्याचा आहे. तो सापडला तो खाणीसाठी घेतलेल्या विंधणांमुळं. खाण व्हायची नसती, तर तिथं कोणी साठ मीटर खाली पालापाचोळा सोडला नसता. ज्या कामामुळं त्याला नाव मिळालं, त्याच कामानं त्याचं घर खणलं जाऊ शकतं. नियम नसता, तर विंधणं झाली असती, खाण झाली असती, आणि जगात एक हजार पायांचा प्राणी होता हे कधी कोणाला कळलं नसतं. नियमानं त्याला वाचवलं असं म्हणायची माझी तयारी नाही. नियमानं त्याची हजेरी लागली, एवढंच खात्रीनं म्हणता येतं. पण हजेरी लागलेल्या प्राण्याबद्दल भांडता येतं. बिननावाच्या प्राण्याबद्दल भांडायला कोणत्या कागदावर काय लिहिणार?

आपल्याकडचा कागद बराच कोरा आहे. सर्गेई गोलोवाच आणि थॉमस वेझेनर यांनी २०१६ साली भारतातल्या मिलिपीडांची यादी छापली, तीत सुमारे २७० जाती आहेत. सह्याद्री, ईशान्य भारत, हिमालय एवढं सगळं धरून. यांतल्या कित्येकांची मूळ वर्णनं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, लंडन, जिनिव्हा किंवा व्हिएन्नात बसून, पेटीतून आलेल्या नमुन्यांवरून केलेली. त्या काळचे पत्तेही तसेच, एखाद्या शहराचं नाव, एखाद्या डोंगररांगेचं नाव. आणि माझ्या पाहण्यातल्या मराठी कृषिसल्ल्यांत 'वाणी (पैसा)' यापुढं जातीचं नाव क्वचितच असतं. फवारणीचं प्रमाण मात्र नेमकं दिलेलं असतं. शेतातला वाणी आणि शेजारच्या देवराईतला वाणी एकच आहे की दोन, हे त्या सल्ल्यावरून कळत नाही.

कुक आणि लूमिस यांच्या निबंधाकडं म्हणूनच मी अलीकडं वेगळ्या नजरेनं पाहते. त्यातलं सर्वांत भारदस्त, ग्रीक-लॅटिन वजनाचं जे होतं, ते शिखराचं नाव, अर्थानं चुकलं. ७५० हा आकडा बरोबर होता, पण प्राणी शोधायला त्याचा उपयोग नव्हता. टिकलं ते जागेचं त्रोटक वर्णन: धार ओलांडल्यावर, थोड्याच अंतरावर. लिहिताना कोणाला ते महत्त्वाचं वाटलं असेल असं नाही. ७९ वर्षांनी एका विद्यार्थ्याला त्या शब्दांनी धोंड्यापर्यंत नेलं.

परवा पहिला पाऊस झाला आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर एक पैसा निघाला. टोचलं नाही. फोटो काढला. याची जात मला ओळखता येत नाही, आणि ती ओळखायला तो नर असावा लागेल, त्याचे ते बदललेले पाय भिंगाखाली पाहावे लागतील. नावाची जागा मी मोकळी ठेवली. तिच्याखाली गाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि लिहिलं: विहिरीकडच्या भिंतीला लागून, जांभ्याच्या पायरीवर, पाऊस थांबल्यावर थोड्या वेळानं.